पाटी आधी

उतेकर काकांना कुणी काहीही सांगायला सुरुवात केली, की ते उजवा तळहात कपाळासमोर आडवा धरत आणि विचारत, ‘‘पाटी?’’ समोरचा माणूस गोंधळून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला, तर तळहात तिथेच राही आणि प्रश्नही तोच राही. काका पोलादपूरच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी गाड्यांना शिट्टी देण्यात आणि माणसांना योग्य गाडीत बसवण्यात घालवली होती. बसच्या कपाळावर जशी ती कुठे चालली याची पाटी असते, तशी ती माणसाच्या बोलण्यालाही हवी, असं त्यांचं ठाम मत होतं आणि या मताला त्यांनी कुणाचाही अपवाद केला नाही.

देवाचाही नाही. त्यांच्या घरच्या सत्यनारायणाला मी हजर होते. गुरुजी संकल्प सांगू लागले. भरतखंड झालं, दंडकारण्य झालं, गोदावरीचं दक्षिण तीर आलं, आणि पाटावर बसलेल्या काकांचा हात सोवळ्यासकट कपाळाकडे गेला. काकूंनी तो खाली ओढला. नंतर प्रसाद खाताना काका मला म्हणाले, ‘‘गुरुजी एवढे देश फिरवून शेवटी पोलादपुरात आणतात. आधीच पोलादपूर बोलले असते, तर मी निवांत बसलो असतो. उगाच धाकधूक.’’

मी तेव्हा मुंबईतल्या एका संस्थेत वैद्यकीय संशोधनात पीएच.डी. करत होते. विषय होता स्क्रब टायफस, म्हणजे गवतातल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्याच्या चाव्यातून येणारा ताप. किडा चावतो तिथे पुष्कळदा काळी खपली धरते. ती सापडली तर औषध लगेच सुरू करता येतं. नाही सापडली तर ताप साधा समजला जातो आणि मोलाचे दिवस जातात. क्वचित माणूसही जातो. आमच्या प्रकल्पाच्या महाडला दोन खोल्या होत्या आणि पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्या हे माझं कार्यक्षेत्र होतं. या वाड्या ठाऊक असणारा सहायक हवा होता. निवृत्तीनंतर मुलाखतीला आलेल्या काकांना मी एका वाडीचं नाव सांगून विचारलं, तिथली परिस्थिती तुम्हाला कितपत माहीत आहे?

‘‘सकाळची गाडी वरपर्यंत जाते,’’ ते म्हणाले. ‘‘दुपारची फाट्याला सोडते, पुढं अर्धा तास चढ. पावसात दोन्ही नाय.’’

‘‘आणि तुमचा अनुभव?’’

‘‘एवढी वर्षं लोकांना गाडीत बसवलं. माझ्या सांगण्यावरून चुकीच्या गाडीत बसला, असा एक प्रवासी नाय.’’

कागदोपत्री ते आमचे समाजसंपर्क सहायक झाले. जीप मी चालवत असे. पण काकांनी दारावर दोनदा ठोकल्याशिवाय ती हलवायची नाही, असा नियम पहिल्याच दिवशी पडला. लोकांसमोर ते मला ‘मॅडम, तुम्ही’ म्हणत. मी चूक केली आणि आम्ही दोघेच असलो, तर ‘गो बाय, तू’ सुरू होई. पहिल्या वर्षात मला ‘बाय’ पुष्कळदा ऐकायला मिळालं.

त्यातलं पहिलं संमतिपत्रकावरून. रक्ताचा नमुना घेण्याआधी संशोधनाची सगळी माहिती वाचून दाखवायची आणि लेखी संमती घ्यायची, हा नियम योग्यच आहे. आमचं पत्रक सहा पानी होतं. एका वाडीच्या देवळात मी ते वाचायला घेतलं. दुसऱ्या पानापर्यंत बायका एकमेकींकडे पाहू लागल्या होत्या आणि एक वयस्कर गृहस्थ हळूच उठून घराचे कागद आणायला गेले होते. जमिनीची मोजणी आली, असा त्यांचा समज झाला होता. काका उठले. ‘‘रगात घ्यायचं हाय, मंडळी. बोटाएवढी नळी. नको असंल तर नको बोला, कोन रागावणार नाय. आता मॅडम बाकीचं वाचतील. तेपन सगळं ऐकायचं, मधी उठायचं नाय.’’ मग मी सहाही पानं पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि ती सर्वांनी ऐकली. काकांनी मजकुरातली एक ओळही गाळली नव्हती. त्यांनी फक्त पाटी लावली होती. हे निरीक्षण मी त्याच दिवशी वहीत नोंदवलं आणि दुर्दैवाने त्यातून कोणताही निष्कर्ष काढला नाही.

कारण त्याच सुमारास संस्थेने आम्हा पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संवाद आणि सादरीकरण कौशल्यांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. प्रशिक्षकांच्या गालाजवळ पिनेएवढा माईक होता. उभं कसं राहायचं, हात कंबर आणि खांद्यांच्या मध्ये कसे ठेवायचे, हवेत न दिसणारा चेंडू धरल्यासारखे कसे फिरवायचे, स्लाइडवर किती शब्द असावेत, कुठे थांबावं, हे सगळं त्यांनी शिकवलं. मी सर्वांत जास्त टिपणं काढली. सर्वांत जास्त टिपणं काढणं हा माझा बालवाडीपासूनचा स्वभाव आहे.

पुढच्याच महिन्यात प्रगती समितीपुढे माझं वार्षिक सादरीकरण झालं. वेळ दहा मिनिटं. माझे खांदे सरळ होते, चेंडू हवेत सुरेख फिरत होता, स्लाइडवर मोजके शब्द होते. वेळ संपल्याची घंटा वाजली, तेव्हा मी किड्याच्या कुळाचं वर्गीकरण संपवून त्याच्या जीवनचक्राकडे वळत होते. पुढच्या स्लाइड मी एकेक सेकंद दाखवल्या. अध्यक्ष चहा ढवळायचे थांबले आणि सौजन्याने म्हणाले, ‘‘तुम्ही नेमकं काय करता आहात, ते एकदा सांगाल का?’’ मी पुन्हा किड्यापासून सुरुवात केली. शेरा आला, ‘असमाधानकारक’. तीन महिन्यांनी पुन्हा सादर करायचं होतं, आणि तोच शेरा दुसऱ्यांदा मिळाला तर नोंदणी रद्द होणार होती. दोन वर्षांचं काम, वाड्यांनी विश्वासाने दिलेले नमुने आणि ‘डॉक्टर’ ही अक्षरं, सगळं त्या दहा मिनिटांवर येऊन ठेपलं.

मी उपाय म्हणून शेवटी आणखी स्लाइड जोडल्या. एके दिवशी फाट्यावर जीप थांबवून बॉनेटवर लॅपटॉप ठेवला आणि काकांसमोर मराठीत तालीम केली. ते कपाळासमोर हात धरून ऐकत होते. सहाव्या मिनिटाला त्यांनी हात खाली घेतला. पाटी दिसली असावी, असं वाटून मला हुरूप आला.

‘‘हात दुखला,’’ काका म्हणाले. ‘‘गाडी कुठनं सुटली, डिझेल किती भरलं, टायर कोनी बदलला, सगळं समजलं. चाललीय कुठं?’’

‘‘ते एकतिसाव्या स्लाइडवर आहे.’’

‘‘मंग मानसं तिसाव्यापर्यंत उतरून गेली असतील.’’

मी वाद घातला. शास्त्रात पार्श्वभूमी आधी, मग पद्धती, मग निरीक्षणं आणि शेवटी निष्कर्ष असा क्रम असतो. पुराव्याआधी निष्कर्ष सांगणं हा उतावीळपणा ठरतो, हे त्यांना समजावलं. काकांनी ते मनापासून ऐकून घेतलं.

‘‘पाटी लावली म्हंजे गाडी पोचली, असं कोन बोललं? घाट लागायचा तो लागणारच. पन आत बसलेल्याला ठाऊक पायजे, का आपन कंच्या घाटातून चाललोय आनि कशाला. उद्या सकाळी स्टँडवर ये गो बाय. तुला बोलून कळायचं नाय.’’

निवृत्तीनंतरही काका रोज सकाळी अर्धा तास स्टँडवरच्या एका ठरावीक खांबाला टेकून उभे राहत. गाडीला पाटी असे, कर्ण्यावरून घोषणाही होत असे; पण डोंगरातून उतरलेली माणसं गाडीत पाय ठेवण्यापूर्वी एकदा काकांना विचारूनच घेत. त्या सकाळी त्यांनी मला खांबाशी उभं केलं आणि स्वतः चार पावलं मागे सरकले. ‘‘लोक विचारतील, तू उत्तर द्यायचं. मी तोंड उघडणार नाय.’’

दोघा-तिघांना मी ठीक मार्गी लावलं. मग एक गाडी येऊन थांबली आणि तिच्या दिशेने एक म्हातारी लगबगीने आली. उजव्या हातात औषधाची बाटली, डाव्या हाताने निऱ्या सावरलेल्या.

‘‘बाय गो, ही गाडी कंची?’’

संपूर्ण आणि अचूक माहिती देणं हे माझं प्रशिक्षण आहे. मी म्हणाले, ‘‘ही महाबळेश्वरहून आलेली, पोलादपूरमार्गे महाडकडे—’’

‘महाबळेश्वर’ ऐकताच म्हातारी पायरीवर चढली होती. ‘मार्गे’पर्यंत ती खिडकीशी बसली होती. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. माझं ‘जाणारी आहे’ येईपर्यंत गाडीने वळण घेतलं होतं.

मी मागे पाहिलं. काकांनी शब्द पाळून तोंड उघडलं नव्हतं, पण त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

‘‘भागाआजी हाय ती,’’ अखेर ते म्हणाले. ‘‘घाटातल्या वरच्या वाडीची. तिला महाबळेश्वराच्या वाटेला जायचं होतं. तू तिला महाडला धाडलीस.’’ मग खांबाकडे बघून म्हणाले, ‘‘एवढ्या वर्षांत एक नव्हता. माझ्या खांबावरनं एक पन नव्हता.’’

आम्ही जीप काढली. दारावर ठोकायचं काका विसरले, यावरून मला प्रसंगाचं गांभीर्य समजलं. हमरस्त्यावर तीन-चार किलोमीटरवर भागाआजी सापडली. तिकीट काढताना कंडक्टरला घोटाळा कळला होता आणि त्याने तिला एका थांब्यावर सावलीत उतरवलं होतं. बाटली मांडीवर घेऊन ती शांतपणे पान जमवत होती. मी जीपमधून उडी मारली आणि म्हणाले, ‘‘आजी, वास्तविक माझ्या वाक्याची रचना अशी होती की—’’

मागून काकांचा हात कपाळाकडे गेला, हे न बघताही मला कळलं.

‘‘चुकलं माझं,’’ मी म्हणाले.

काकांचा हात खाली आला. माझी ती पहिली पाटी.

‘‘तू म्हाबळेश्वर बोल्लीस, मी बसली,’’ भागाआजी जीपमध्ये चढता चढता म्हणाली. ‘‘मंग तो कंडक्टर बोलतो म्हाड. मी त्याला बोल्ली, त्या शिकलेल्या पोरीला जास्ती कळतं का तुला?’’

‘‘मानूस पहिलं गाव ऐकतो नि उठतो, बाय,’’ काका मला म्हणाले. ‘‘पुढचं कोन ऐकतंय?’’

आंबेनळी घाटाला लागल्यावर आजीने माझी चौकशी केली. लग्न झालं का, नाही तर का नाही, आणि मग ‘‘तू करतीस काय?’’ मागच्या सीटवर काकांची हालचाल झाली. मी जपून म्हणाले, ‘‘गवतातला एक बारीक किडा चावून ताप येतो, त्याचा अभ्यास करते.’’

‘‘गोचीड?’’

‘‘गोचिडीची धाकटी बहीण म्हणा.’’

‘‘मंग त्यात आभ्यास काय? हे औषध कशाला नेतेय मी? रेडकू तापलंय. रेडकू तापलं की आमी आधी कानात बघतो, जांघंत बघतो, शेपटी उचलून बघतो. गोचीड लपूनच बसतं, उघड्यावर कशाला बसंल?’’ तिने पान गालात सरकवलं. ‘‘मागं सून तापलेली, तिचं कोनी बघितलं नाय. दवाखान्यात जीभ बघितली, डोळं बघितलं. परकराची नाडी कोन सोडनार, तो बाप्या डॉक्टर? पंदरा दिस पडून होती. शेवटाला मीच आंग पुसताना बघितलं. नाडीखाली खपली, बिब्ब्यावानी काळी.’’

मी जीप कडेला घेतली. घाटात ज्या जागी थांबू नये अशा जागी थांबले, पण मला पर्याय नव्हता. आजीची सून बरी झाली ना, हे आधी विचारून घेतलं; झाली होती. बायकांच्या अंगावरची खपली बहुधा वस्त्राखालच्या जागी असते, पुरुष डॉक्टर तिथे पाहत नाहीत, वाडीतल्या आरोग्यसेविकेने पाहिलं तर निदान लवकर होतं का, हेच तर मी तपासत होते. एकतिसाव्या स्लाइडवर हे सगळं होतं. तीन लांबलचक वाक्यांत होतं आणि त्यांत एकही कंबर नव्हती.

‘‘बोल,’’ मागून काका म्हणाले.

‘‘दुर्गम भागातील स्त्री-रुग्णांमध्ये—’’

‘‘गाडी महाडला गेली.’’

‘‘ताप आलेल्या बाईच्या तपासणीत बहुतेक वेळा—’’

‘‘गेली.’’

मी भागाआजीकडे पाहिलं. ‘‘बाईला ताप आला, तर कमरेची नाडी सोडून बघा. तिथे काळी खपली दिसली, तर औषध आजच सुरू करता येतं.’’

आजी म्हणाली, ‘‘मंग तेच तर मी बोलतेय.’’

काकांनी दारावर दोनदा ठोकलं आणि मी जीप काढली.

तीन महिन्यांनी समितीपुढे मी हेच वाक्य इंग्रजीत म्हटलं. हात कुठे ठेवले होते, ते मला आठवत नाही. दुसरं वाक्य होतं, ‘‘डोंगरातली बाई तापलेल्या रेडकाची शेपटी उचलून बघते, तिच्या सुनेला मात्र कुणी असं तपासत नाही.’’ अध्यक्षांनी बिस्किट बशीत परत ठेवलं. त्यानंतर पार्श्वभूमी आली, पद्धती आली, आकडे आले, किडासुद्धा आला. घाट पूर्ण लागला, पण कुणी उतरलं नाही. प्रश्न मात्र पुष्कळ आले आणि ते सगळे कामाविषयीचे होते. खपली नसलेल्या रुग्णांचं काय, या प्रश्नावर मला चांगला घाम फुटला. शेवटी एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, ‘‘हे तुम्ही गेल्या वेळी का सांगितलं नाहीत?’’

‘‘सांगितलं होतं, सर. एकतिसाव्या स्लाइडवर.’’

बाहेर येऊन मी फोन लावला. ‘‘काका, पास. समितीने—’’

‘‘कळलं. ठेव आता. बाकीचं जीपमधी.’’

पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षणाचा एक दिवस संस्थेने माझ्या आग्रहावरून महाडला ठेवला. प्रास्ताविक करणाऱ्या सरांनी काकांची ओळख करून द्यायला बराच वेळ घेतला, आणि काका व्यासपीठावर कपाळासमोर हात धरून बसून राहिले. सरांना तो नमस्कार वाटला, त्यांनीही केला. मग काकांनी एकेका विद्यार्थ्याला उभं करून विषय विचारला आणि बहुतेकांना महाडला पाठवलं. त्यांना प्रमाणपत्र मिळालं, ‘साधनव्यक्ती’ असं लिहिलेलं. ते त्यांनी लॅमिनेट करून घराच्या दारावर, बरोबर पाटीच्या जागी लावलं.

त्यांच्यात दोष नव्हता असं नाही. स्वतःच्या नोकरीतल्या आठवणी सांगायला बसले, की काका दरड कोसळल्याच्या प्रसंगावरून निघत, वाटेत कुणाचं लग्न, कुणाचं भांडण, एका कंडक्टरची हरवलेली चप्पल अशी गावं घेत आणि दोन तासांनीही परत दरडीपर्यंत पोचत नसत. एकदा मी धीर करून तळहात कपाळासमोर धरला.

‘‘ही लग्नाची गाडी हाय,’’ काका जराही न बिचकता म्हणाले. ‘‘हिला पाटी लागत नाय. आतल्यांना ठाऊक असतं कुठं चाललोय ते.’’

दरडीचं पुढे काय झालं, ते मला अजून माहीत नाही.

प्रबंध सादर करण्याच्या धावपळीत मी मुंबईला होते, तेव्हा त्यांच्या मुलाचा फोन आला. ‘‘ताई, बाबा गेले. सकाळी, झोपेतच. त्रास झाला नाय. तुम्ही सावकाश या, आम्ही थांबतो.’’

आधी मुक्काम, मग वेळ, मग वाट, शेवटी प्रवाशाला सूचना. हा क्रम त्याला कुणी शिकवला, हे विचारावं लागलं नाही. फोन ठेवल्यानंतरच मला रडू आलं. आधी येऊ शकलं नाही, कारण वाक्यांत कुठे अडखळायला जागाच नव्हती.

दिवसकार्याला मी पोलादपूरला गेले. भागाआजी आली होती. तिने मला ओळखलं आणि ‘‘तू जा तुझ्या गाडीनं, मी माझ्या गाडीनं जाईन,’’ असं आधीच बजावून टाकलं. परतीच्या बसला वेळ होता, म्हणून मी स्टँडवर जाऊन त्या खांबाशी उभी राहिले. एक गाडी आली. डोक्यावर गवताचा भारा असावा तशी मोठी पिशवी घेतलेला एक माणूस घाईघाईने आला, पायरीशी थबकला आणि सवयीने खांबाकडे वळला. तिथे मी होते.

‘‘ताय, ही गाडी कंची?’’

गाडी महाबळेश्वरहून आलेली होती.

‘‘महाड,’’ मी म्हणाले.

तो चढला. गाडी कुठून आली, हे त्याने विचारलं नाही.